एक चाल, चार गाणी: किटी वेल्सचं ‘इट वॉझन्ट गॉड हू मेड हाँकी टाँक एंजल्स’ गिटारवर कसं बसवायचं

गिटार शिकायला लागून वर्षभर झालं की मी प्रत्येकाला अमेरिकन कंट्री गायिका किटी वेल्सचं हे गाणं देते. कॉर्ड (एकत्र छेडायचे स्वर) तीनच आहेत, त्यामुळे पहिल्याच दिवशी बहुतेकांना वाटतं की आलं. बोटं खरंच एका दुपारी बसतात. गाणं मात्र बसत नाही, कारण ते मुळात एक उत्तर आहे. आधी कुणीतरी काहीतरी बोललेलं आहे आणि ही बाई त्याला जबाब देते आहे. ज्याला सवालच ठाऊक नाही त्याच्या तोंडी हा जबाब पोकळ वाटतो. शिवाय हा जबाब सवालाच्याच चालीत दिलेला आहे आणि त्याची निम्मी ताकद तिथेच आहे. म्हणून या लेखात मी आधी चाल, मग सवाल आणि शेवटी जबाब या क्रमाने जाणार आहे. घाई असली तरी ऐकण्याचा भाग सोडू नका.

आधी ऐका, आणि क्रमाने ऐका

चार रेकॉर्ड शोधून ठेवा. चारही सहज मिळतात.

पहिली, कार्टर फॅमिलीची १९२९ सालची, ‘आय ॲम थिंकिंग टुनाइट ऑफ माय ब्लू आइज’. व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातलं हे कुटुंब. दूर गेलेल्या प्रियकराची आठवण, एवढाच गाण्याचा विषय. इथे शब्दांपेक्षा मेबेल कार्टरच्या गिटारकडे लक्ष द्या. ती अंगठ्याने जाड तारांवर चाल वाजवते आणि उरलेल्या बोटांनी पातळ तारांवर झणकारा देते. आपण उजवा हात बसवताना याच कल्पनेचा सोपा अवतार वापरणार आहोत.

दुसरी, रॉय एकफची १९३६ची ‘द ग्रेट स्पेकल्ड बर्ड’. चाल तीच, पण गाणं पूर्ण धार्मिक. बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकातल्या एका ओळीतून ठिपक्यांच्या पक्ष्याची प्रतिमा घेतली आहे.

तिसरी, हँक थॉम्पसनची ‘द वाइल्ड साइड ऑफ लाइफ’. टेक्सासच्या वेको गावचा हा गायक. त्याची ही रेकॉर्ड कॅपिटल कंपनीने काढली तेव्हा हे गाणं दुसऱ्या बाजूला टाकलं होतं, म्हणजे कंपनीचा भरवसा पहिल्या बाजूवर होता. लोकांनी तबकडी उलटून हीच बाजू वाजवली आणि १९५२ मध्ये हे गाणं बिलबोर्ड या संगीतविषयक मासिकाच्या कंट्री यादीत १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. यातल्या पुरुषाची तक्रार अशी: बायको सोडून गेली, पत्र लिहिलं तर ती वाचणार नाही, फोन करू नको म्हणून सांगून बसली आहे, तेव्हा आता हे गाण्यातूनच सांगतो. मग तो तिला दोष देतो. दारूच्या गुत्त्यातले दिवे आणि तिथली संगत तिला घरापेक्षा प्यारी झाली, आणि अशा ‘हाँकी टाँक एंजल्स’, म्हणजे गुत्त्यात रमणाऱ्या बायका, देवानेच घडवल्या आहेत हे आपल्याला कळायला हवं होतं, असा त्याचा सूर.

चौथी रेकॉर्ड आपली. लुइझियानातल्या क्राउली गावच्या जे. डी. मिलरने थॉम्पसनच्या गाण्याला उत्तर म्हणून ती लिहिली, आणि ३ मे १९५२ रोजी नॅशव्हिलच्या ट्युलेन हॉटेलमधल्या कॅसल स्टुडिओत किटी वेल्सने डेका कंपनीसाठी गायली. खरं नाव म्युरिअल डीसन. वय ३२, तीन मुलांची आई. नवरा जॉनी राइट स्वतः गायक. तिच्या आधीच्या रेकॉर्ड चालल्या नव्हत्या आणि या गाण्याकडूनही तिला फारशी आशा नव्हती. ध्वनिमुद्रणाचे ठरलेले १२५ डॉलर मिळतील म्हणून ती तयार झाली. ते गाणं ६ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. बिलबोर्डच्या कंट्री यादीत एकट्या बाईच्या नावावर पहिला क्रमांक लागण्याची ती पहिलीच वेळ. एन.बी.सी. रेडिओला ते आक्षेपार्ह वाटलं आणि त्यांनी ते वाजवू दिलं नाही. नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमानेही सुरुवातीला तिला मंचावर ते गाऊ दिलं नाही. गंमत बघा, गुत्ता, दारू आणि बेवफा बायको असलेलं पुरुषाचं गाणं कुणाला खटकलं नव्हतं.

आता एक छोटा प्रयोग करा. रॉय एकफची रेकॉर्ड लावा आणि तिच्यावर किटी वेल्सचे शब्द म्हणून पाहा. थोडी ओढाताण होईल, पण बसतील. ज्या ऐकणाऱ्यांनी १९५२ साली जुकबॉक्समध्ये, म्हणजे नाणं घेऊन हवी ती रेकॉर्ड वाजवणाऱ्या यंत्रात, नाणं टाकलं, त्यांच्या कानात ही चाल आधीपासून मुरलेली होती. कुणी ती आईच्या तोंडून ऐकली होती, कुणी रविवारी चर्चहून येताना. किटी वेल्सने तोंड उघडण्याआधीच, नुसत्या चालीवरून, त्यांना कळत होतं की ही कुणाशी बोलते आहे. आपल्या कानाला सवाल-जबाबाची सवय असल्यामुळे ही गोष्ट फार समजावून सांगावी लागत नाही.

जुकबॉक्स गाण्याच्या आत आहे

शब्द मी इथे देत नाही. रेकॉर्ड थांबवत थांबवत स्वतःच्या हाताने लिहून घ्या. दोनदा ऐकून लिहिलेले शब्द विसरत नाहीत. लिहिताना पहिल्या कडव्यावर थांबा. ही बाई कुठे आहे? ती रात्री एकटी बसली आहे आणि जुकबॉक्सवर गाणं चालू आहे. कुठलं? थॉम्पसनचंच. ते ऐकता ऐकता तिला स्वतःचे जुने दिवस आठवतात, जेव्हा ती नवऱ्यावर विश्वास टाकणारी बायको होती. मग ध्रुवपदात ती सरळ त्या गायकाला म्हणते की तुझ्या गाण्यात आहे तसं नाही, देवाने आम्हाला असं घडवलेलं नाही. लग्न झालेले पुरुष सडाफटिंग असल्यासारखे वागतात, त्यातून हे घडतं. दुसऱ्या कडव्यात ती आणखी पुढे जाते: सगळा दोष बायांच्याच माथी का?

म्हणजे गाणं गाताना तुम्ही कुठे बसला आहात हे पक्कं असू द्या. हाँकी टाँक म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडचा, विशेषतः टेक्सास आणि ओक्लाहोमाकडचा बिअरचा गुत्ता, जिथे नाचायला थोडी मोकळी फरशी आणि कोपऱ्यात जुकबॉक्स असायचा. १९३३ मध्ये दारूबंदी उठली आणि तेलविहिरींच्या वस्त्यांतून असे गुत्ते वाढले. दिवसभर राबलेली माणसं, ग्लासांचा खळखळाट, मोठमोठ्याने बोलणं. त्या गोंगाटातून आवाज पलीकडे पोचवायचा तर गिटारला वीज लागली आणि आडवी ठेवून वाजवायच्या स्टील गिटारचा टोकदार आवाज पुढे आला. ठेका पायाला कळेल इतका ठळक ठेवावा लागला आणि शब्द सोपे झाले. मजकूर रडवणारा आणि ठेका नाचवणारा, हा हाँकी टाँकचा स्वभाव तिथूनच आला. या संगीताची पहिली अमेरिकन यादीही जुकबॉक्सवरूनच सुरू झाली. बिलबोर्डने जानेवारी १९४४ मध्ये जी यादी छापायला घेतली ती जुकबॉक्सवर कोणती गाणी जास्त वाजतात याची होती.

आपल्याकडे जुकबॉक्स म्हटलं की मुंबईकरांना कुलाब्याच्या मोंडेगार कॅफेमधला आठवतो, मारिओ मिरांडांच्या चित्रांनी भरलेल्या भिंतींच्या मध्ये. तिथे मित्रांबरोबर बसून गाणं निवडण्यात एक चैन होती. या गाण्यातल्या बाईचं तसं नाही. गाणं तिने निवडलेलं नाही, ते तिच्या कानावर आदळतं आहे. गाताना हा फरक मनात ठेवा.

पट्टी ठरवा

इथे बहुतेक जण चुकतात. रेकॉर्डची पट्टी धरून बसतात आणि ध्रुवपदात गळा ताणतात. चालीचा पल्ला फार मोठा नाही, त्यामुळे तुमच्या बोलण्याच्या आवाजाजवळची पट्टी घ्या. या गाण्यात बाई बोलते आहे, आणि तसं वाटलं पाहिजे.

गिटारवर मी जी, सी, डी या आकारांत शिकवते, कारण यात मोकळ्या तारा जास्त मिळतात. कॅपो (गिटारच्या मानेवर लावून सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) न लावता जी धरला तर सा पांढरी पाचला, म्हणजे हार्मोनियमच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीला, येतो. पहिल्या पडद्यावर कॅपो लावला की काळी चार, दुसऱ्यावर पांढरी सहा, तिसऱ्यावर काळी पाच. बहुतेक बायकांचा गळा यातच कुठेतरी मोकळा होतो. पुरुषांना पांढरी एक किंवा दोन बरी पडते. त्यांनी पाचव्या किंवा सातव्या पडद्यावर कॅपो लावून हेच आकार धरावेत किंवा सरळ सी, एफ, जी हे कॉर्ड घ्यावेत. ज्यांना एफ जड जातो त्यांनी कॅपोचा रस्ता धरावा.

हार्मोनियम किंवा कीबोर्डवर बसवणाऱ्यांसाठी तेच सरगममध्ये सांगते. पहिला कॉर्ड सा-ग-प, दुसरा म-ध-सा, तिसरा प-नी-रे. सगळे स्वर शुद्ध. एवढ्यावर पूर्ण गाणं उभं राहतं.

तीन कॉर्ड, बत्तीस मात्रा

आता आराखडा. चार मात्रांचा एक बार धरा.

जी, जी-सेवन, सी, सी, डी, डी-सेवन, जी, जी.

हे आठ बार झाले, म्हणजे बत्तीस मात्रा. हेच दोनदा वाजवलं की एक कडवं पुरं होतं. ध्रुवपदाचेही हेच सोळा बार. वेगळा कॉर्ड कुठेही नाही.

केरव्याची सवय असलेल्यांना मी असं सांगते: दोन बार म्हणजे आठ मात्रा, केरव्याचं एक आवर्तन. एका आवर्तनाला एक कॉर्ड. सा-चा कॉर्ड एक आवर्तन, म-चा एक, प-चा एक, परत सा-चा एक. मोजणं इतकं सोपं आहे. फक्त केरव्याचा झोल यात आणू नका. मोजायला केरवा घ्या, वजन अमेरिकनच ठेवा. ते कसं ते पुढच्या पायरीत येईल.

जी-सेवन कशाला, असं मुलं विचारतात, कारण जी दोन्ही बार धरून ठेवला तरी काही बिघडत नाही. एकदा कान देऊन ऐका. जी-सेवनमध्ये सा-ग-प ला कोमल नी जोडला जातो. तो कोमल नी पुढच्या बारला अर्ध्या स्वराने उतरून ध होतो, आणि ग अर्ध्या स्वराने चढून म होतो. एक स्वर खाली सरकला, एक वर, आणि हात सी-वर पोचण्याआधीच कान तिथे पोचला. हार्मोनियमवर हे चार स्वर एकदा हळू दाबून बघा: आधी ग आणि कोमल नी एकत्र, मग म आणि ध एकत्र. या दोन पट्ट्यांच्या हालचालीत अख्ख्या कंट्री संगीताचा जीव आहे असं मला मनापासून वाटतं.

कॉर्डचे बदल न गाता, नुसते मोजत, किमान पंधरा मिनिटं वाजवा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ७० वर, म्हणजे मिनिटाला ७० मात्रांवर, ठेवा. अडखळलात तरी थांबू नका, पुढच्या बारला परत गाठा. नाचणारे पाय थांबत नाहीत, म्हणून वाजवणाऱ्यालाही थांबता येत नाही.

उजवा हात: बास आणि झणकारा

पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला एकच जाड तार, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला तीन-चार पातळ तारांवर वरून खाली एक हलका फटका. बस. पुढे-मागे सतत ओरबाडायचं नाही.

बासच्या तारा आळीपाळीने बदलतात. जी असताना पहिल्या मात्रेला सहावी तार (तिसरा पडदा), तिसऱ्या मात्रेला मोकळी चौथी. सी असताना पहिल्या मात्रेला पाचवी तार (तिसरा पडदा), तिसऱ्या मात्रेला चौथी (दुसरा पडदा). डी असताना पहिल्या मात्रेला मोकळी चौथी, तिसऱ्या मात्रेला मोकळी पाचवी.

दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेचा फटका दिल्याबरोबर डाव्या हाताची पकड किंचित सैल करा, म्हणजे तारा पडद्यावरून उचलल्या जातील पण बोटं तारांवरच राहतील. आवाज लगेच मरतो आणि ‘चक’ असा कोरडा ठोका मिळतो. मोकळ्या तारा अशा मरणार नाहीत, त्या उजव्या तळहाताच्या कडेने दाबा. किटी वेल्सच्या त्या रेकॉर्डवर ड्रम नाहीत. बास, गिटार, फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि स्टील एवढ्यावर ठेका तोललेला आहे. म्हणून हा ‘चक’ हाच तुमचा ड्रम. तो आळशी झाला की गाणं अंगाई होऊन बसतं.

ठेका बसला की लय हळूहळू वाढवा. ७० वरून ९०, मग १२०. माझी मांडणी अशी असते: सुरुवातीला आठ बार नुसतं वाद्य, मग कडवं, ध्रुवपद, पुन्हा आठ बार वाद्य, दुसरं कडवं, ध्रुवपद. सगळे मिळून ८० बार. १२० च्या लयीत हे २ मिनिटं ४० सेकंदांत संपतं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपासच मजकूर मावायचा, त्यामुळे त्या काळातली गाणी अशीच आटोपशीर असत. तिसरं कडवं जोडायचा मोह टाळा. तिने जे म्हणायचं ते दोन कडव्यांत म्हटलेलं आहे.

एका कॉर्डवरून दुसऱ्यावर चालत जा

आता गाण्याला कंट्रीचा चेहरा देणारी गोष्ट. कॉर्ड बदलण्याआधीच्या बारमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेला फटका न देता बासचे दोन स्वर वाजवायचे आणि पुढच्या समेला नव्या कॉर्डच्या बासवर उतरायचं.

जी-वरून सी-वर: तिसऱ्या मात्रेला मोकळी पाचवी तार, चौथ्या मात्रेला पाचवीचा दुसरा पडदा, समेला पाचवीचा तिसरा पडदा. म्हणजे रे, ग, म.

सी-वरून डी-वर: पाचवीचा तिसरा पडदा, पाचवीचा चौथा, आणि समेला मोकळी चौथी. म, तीव्र म, प.

डी-वरून जी-वर: मोकळी सहावी, सहावीचा दुसरा पडदा, समेला सहावीचा तिसरा. ध, नी, सा.

तिन्ही धावा एकाच दिवशी घालू नका. आठवडाभर फक्त डी-वरून जी-वर येणारी घ्या, कारण ती ओळीच्या शेवटी येते आणि चुकली तरी गाणं सावरतं. ती अंगवळणी पडली की पहिली, मग मधली. आणि प्रत्येक वेळी वाजवायची नाही. गाणारी व्यक्ती श्वास घेते तिथे धाव शोभते. ती शब्द उच्चारत असताना बास धावू लागला की दोघांचंही ऐकू येत नाही.

समेच्या आधीचे शब्द

आपल्याकडची बरीच भावगीतं समेवर किंवा समेनंतर सुरू होतात. इथे ओळीचे पहिले एक-दोन शब्द समेच्या आधीच, मागच्या बारच्या शेवटी येतात आणि वजनाचा शब्द समेवर पडतो. मराठी गळ्याला इथे हमखास अडखळायला होतं. ओळीचा पहिला शब्द समेवर ठेवला की पुढचे शब्द दाटीवाटीने कोंबावे लागतात.

यावर माझा उपाय असा. गिटार बाजूला ठेवा. उजव्या पायाने पहिली आणि तिसरी मात्रा ठोका, आणि ओळ फक्त बोला, गाऊ नका. प्रत्येक ओळीत समेवर पडणाऱ्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा. पूर्ण गाण्यातल्या अशा रेघा मारून झाल्या की मगच गिटार उचला. या रेघा तुम्हाला उच्चारातही मदत करतील, कारण इंग्रजी गाण्यात प्रत्येक अक्षराला सारखा भार नसतो. रेघेचे शब्द रुंद, बाकीचे भरभर.

ओळ संपली की जवळजवळ एक बार रिकामा मिळतो. तो रिकामाच ठेवा. सुरुवातीला मुलं तिथे घाबरून पुढची ओळ लवकर उचलतात. ती जागा स्टील गिटारची आहे.

उच्चारांचं थोडं. दक्षिणेकडच्या इंग्रजीत शब्दाच्या शेवटचा र स्पष्ट ऐकू येतो, तो गिळू नका. ‘आय’ हा स्वर सपाट होऊन ‘आ’ कडे झुकतो, ‘वाइल्ड’ जवळजवळ ‘वाऽल्ड’ होतो. पण याची नक्कल करू नका. तुमच्या बोलण्यातलं इंग्रजी जसं आहे तसंच ठेवा, फक्त वॉझन्ट, वाइल्ड, विमेन यांतला व ओठ गोल करून काढा, दात ओठावर टेकवून नव्हे. तेवढ्याने काम होतं.

गळा: काही न करणं

आपण रियाजातून आलेली माणसं. मोकळी जागा दिसली की गळा आपोआप मुरकी घेतो, शेवटच्या स्वराला खटका लागतो. मीही हे गाणं पहिल्यांदा असंच गायले होते, ध्रुवपदाच्या शेवटी छान फिरत घेऊन, आणि ध्वनिमुद्रण ऐकल्यावर लक्षात आलं की ती बाई कुठे दिसतच नाही, फक्त माझा गळा दिसतो आहे.

किटी वेल्सचा आवाज एकदा फक्त त्यासाठी ऐका. ती स्वरावर सरळ येते आणि सरळ उभी राहते. ओळीच्या शेवटी हलकासा कंप येतो, तेवढाच. नाकातला थोडा सूर आहे. ती रागवत नाही, रडत नाही, आवाज चढवत नाही. ओरडून सांगितलं असतं तर कदाचित लोकांनी भांडखोर म्हणून बाजूला सारलं असतं. ती साक्षीदारासारखी सांगते आणि म्हणून ते खोडता येत नाही.

सरावाचा मार्ग असा. एक कडवं पूर्णपणे एकाच स्वरावर, सा-वर, लयीत म्हणा. मग चालीत म्हणा, पण एकाही स्वराला सजवायचं नाही. फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि ऐका. जिथे मुरकी शिरली असेल तिथे पेन्सिलीने खूण करा आणि तेवढीच ओळ पुन्हा म्हणा. दहा-बारा दिवस तरी लागतात. ठुमरी-नाट्यगीत गाणाऱ्यांना जास्त लागतात, पण त्यांचा स्वर पक्का असल्यामुळे एकदा सुटलं की फार सुंदर सुटतं.

मींड स्टीलला द्या

गळ्यातून काढून टाकलेली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, वाया जात नाही. ती स्टील गिटारकडे जाते. आडवी ठेवलेली गिटार, तारांवरून सरकणारा धातूचा तुकडा, हे वाद्य हवाई बेटांवरून अमेरिकेत आलं आणि कंट्री संगीताने ते आपलंसं केलं. आपल्याकडे ते वेगळ्या वाटेने आलं. व्हॅन शिप्ली यांनी हवाईयन गिटारवर वाजवलेली हिंदी चित्रपटगीतं आमच्या आधीच्या पिढीने रेकॉर्डवर आणि रेडिओवर भरपूर ऐकली. माझ्या आईला मी ही किटी वेल्सची रेकॉर्ड ऐकवली तेव्हा इंग्रजी शब्दांकडे तिचं लक्षच गेलं नाही. ओळीनंतर स्टील आलं आणि ती म्हणाली, “अगं, हे तर आपलं रेडिओवरचं गिटार.” तेव्हापासून मी हे गाणं घरच्या कार्यक्रमात बिनधास्त म्हणते.

स्टील नसेल तर साध्या गिटारवर दुसरी आणि तिसरी तार घेऊन त्याची आठवण करून देता येते. दोन्ही तारा एकदमच छेडायच्या आणि बोटं न उचलता सरकवायच्या.

जी-साठी: तिसऱ्या तारेचा दुसरा पडदा आणि दुसऱ्या तारेचा पहिला पडदा, तिथून सरकून चौथा आणि तिसरा.

सी-साठी: तिसऱ्या तारेचा चौथा आणि दुसऱ्या तारेचा तिसरा पडदा, तिथून दोन्ही पाचव्यावर.

डी-साठी: दोन्ही तारा पाचव्या पडद्यावर, तिथून दोन्ही सातव्यावर.

सरकणं सावकाश असू द्या, एक पूर्ण मात्रा घ्या. आणि फक्त रिकाम्या बारमध्ये. बरोबर दुसरा गिटारवाला असेल तर हे काम त्याला द्या आणि तुम्ही ठेका सोडू नका. व्हायोलिन वाजवणारं कुणी असेल तर मधले आठ बार त्याला द्या. त्याने चाल जशीच्या तशी वाजवावी. नवीन काही रचायची गरज नाही, कारण ती चाल ऐकणाऱ्याला ओळखू येणं हेच तर हवं आहे.

जोडीने सादर करायचं असेल तर

शेवटी माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. हे गाणं एकटं सादर करू नका. आधी एखाद्या पुरुषाने थॉम्पसनचं गाणं म्हणावं, आणि टाळ्यांसाठी न थांबता, ठेका चालूच ठेवून, बाईने उत्तर द्यावं. मग समोरच्याला काही समजावून सांगावं लागत नाही. पहिल्या कडव्यातला जुकबॉक्स म्हणजे आत्ता शेजारी गायलेला माणूसच ठरतो.

अडचण एकच येते. पुरुषाची पट्टी पांढरी एक आणि बाईची पांढरी पाच, तर मध्ये गाणं तुटतं. त्यावरचा पूल असा. पुरुष सी, एफ, जी या कॉर्डांत गातो. त्याचं शेवटचं ध्रुवपद सी-वर संपतं. तो सी दोन बार धरा. मग डी-सेवन दोन बार, बास चौथ्या आणि पाचव्या तारेवर आळीपाळीने. दुसऱ्या बारच्या तिसऱ्या-चौथ्या मात्रेला मघाचीच धाव, मोकळी सहावी आणि सहावीचा दुसरा पडदा, आणि समेला जी. पुरुषाचा सा होता तो आता बाईचा म झाला. ऐकणाऱ्याला पट्टी बदलल्याचं जाणवत नाही, फक्त खोलीत दिवा थोडा मोठा झाल्यासारखं वाटतं.

जी-वर आल्यावर बाईने लगेच सुरू करू नये. आठ बार नुसता ठेका जाऊ द्यावा आणि त्यावर व्हायोलिनने किंवा त्या दोन तारांनी चाल वाजवावी, तीच चाल जी पुरुष आत्ताच गाऊन थांबला. त्याने तोवर मंचावरच राहायचं, गिटार वाजवत, पण मान तिच्याकडे वळवून. आठव्या बारच्या शेवटच्या दोन मात्रांत तिचे पहिले शब्द येतात आणि सम पडते.